तिची जास्तीची वर्षं

जुन्नरजवळचा नाणेघाट चढून आलेला माणूस माथ्यावर जिथं दम खायला थांबतो, तिथंच एक लेणं आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे, इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा. अभ्यासक तो सातवाहन राणी नागनिकेचा मानतात. कोणते यज्ञ झाले, दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, याची यादीच त्यात आहे. पावसाळ्यात येणारी तरुण मंडळी आकडे ऐकून ‘बाप रे’ म्हणतात आणि फोटोसाठी कड्याकडं निघून जातात. त्याच लेखात राणीचंही वर्णन आहे. ती महिना-महिना उपास करणारी, घरात राहून तापसीसारखी जगणारी, व्रतस्थ बाई आहे. म्हणजे लेख कोरला गेला तेव्हा राजा हयात नव्हता आणि कारभार लहान मुलांच्या वतीनं तिच्याकडं होता, असं बहुतेक अभ्यासक समजतात. जुन्नरच्या लेखी इतिहासाची सुरुवात अशी नवऱ्यामागं राहिलेल्या एका बाईपासून होते.

शिवनेरीशी जोडलेल्या घराण्यातही तेच दिसतं. रूढ तारखा धरल्या तर शहाजीराजांचा जन्म १५९४ चा आणि जिजाबाईंचा १५९८ चा. शहाजीराजे जानेवारी १६६४ मध्ये होदिगेरीजवळ शिकारीत घोड्यावरून पडून गेले. जिजाबाई १७ जून १६७४ ला पाचाडला गेल्या. तो जवळपास सत्तरीचा होऊन गेला, ती शहात्तरीची. आयुष्यातला फरक सहा वर्षांचा, पण वैधव्य दहा वर्षांचं, कारण लग्नातच चार वर्षांचं अंतर होतं. ही बेरीज लक्षात ठेवावी, पुढं तिचं काम पडणार आहे. आणि जाता जाता हेही, की राजांचा मृत्यू धावत्या घोड्यावरून पडून झाला, आजच्या पोलीस पाटलानं त्याची नोंद वाहन अपघात अशीच केली असती.

आता आजचे आकडे. भारताचे महानिबंधक ‘नमुना नोंदणी पद्धती’तून दरवर्षी आयुर्मानाचे तक्ते काढतात. २०१६-२० च्या तक्त्यात देशाचं सरासरी आयुर्मान ७० वर्षं आहे: पुरुषांचं ६८.६, स्त्रियांचं ७१.४. महाराष्ट्र त्याच्या थोडा पुढं, एकूण बहात्तरच्या वर, आणि बाई-पुरुषांतला फरक अडीच-तीन वर्षांचा. हे तक्ते राज्यापर्यंत येऊन थांबतात. जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्याचं वेगळं आयुर्मान कुणी काढत नाही. त्यामुळं तालुक्यातल्या माणसाला हा विषय समजून घ्यायचा तर आकडा राज्याचा घ्यावा लागतो आणि कारणं आपल्या शिवारात शोधावी लागतात.

या आकड्याचा एक गैरसमज फार पसरलेला आहे. आयुर्मान ७० म्हणजे माणसं सत्तरीत मरतात असं नाही. पाळण्यात गेलेलं मूल आणि नव्वदीची आजी, दोघांची वर्षं त्या सरासरीत एकत्र मोजलेली असतात. ओतूर किंवा घोडेगावच्या वेशीवर आज जी पंचाहत्तरीची म्हातारी बसलेली दिसते, ती जन्मली तेव्हा देशाचं आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं. म्हातारी माणसं तेव्हाही होती. लहानपणीच जाणारी फार होती, एवढंच. एकदा साठी गाठली की आजच्या हिशेबानं पुरुषाला पुढं सतरा-साडेसतरा वर्षं आणि बाईला एकोणीसच्या आसपास मिळतात.

‘बाई चिवट असते’ हे वाक्य आपल्याकडं कौतुकानं म्हणतात, आणि थोडं कुरकुरतही म्हणतात. यात निसर्गाचा वाटा आहेच. दर शंभर मुलींमागे साधारण एकशेपाच मुलगे जन्मतात आणि पहिल्या वर्षात मुलगे जास्त दगावतात. ही जवळजवळ जगभरची गोष्ट आहे. बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन असतात, त्यामुळं एकातला दोष दुसरं काही प्रमाणात सावरून घेतं. पाळी चालू असेपर्यंत इस्ट्रोजेन तिच्या रक्तवाहिन्या जपतं, म्हणून हृदयविकार पुरुषापेक्षा उशिरा गाठतो. हे सगळं खरं. मग प्रश्न असा, की निसर्गानं हे दान बाईच्या पदरात घातलेलं असताना आपल्या देशात ती पुरुषापेक्षा कमी का जगत होती?

आणि ती खरंच कमी जगत होती. १९७०-७५ च्या तक्त्यात पुरुषांचं आयुर्मान ५०.५ वर्षं आहे आणि स्त्रियांचं ४९. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पारडं जेमतेम फिरलं. १९८१-८५ मध्ये पुरुष ५५.४ आणि स्त्रिया ५५.७. त्याच्याही मागं गेलं तर १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आहे. त्या साथीत हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. घरातल्या सगळ्यांचं आजारपण काढायचं तिनं, शिळंपाकं खायचं तिनं, आणि ती पडली की तिच्या उशाशी बसायला कुणी उरलेलं नाही. १९११-२१ या दशकाचं आयुर्मान विशीच्या आसपास आलं होतं. जुन्नरच्या आजी-पणजीच्या पिढीतली ‘पहिली बायको बाळंतपणात गेली’ ही घराघरातली गोष्ट याच काळातली. पुरुषांची दोन-दोन, तीन-तीन लग्नं त्यामुळंच झालेली असत.

२०१८-२० मध्ये महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशाचा आकडा ९७ होता. केरळनंतर तेव्हा आपणच होतो. हे आपोआप झालेलं नाही. गर्भवतीची नोंद, लोहाच्या गोळ्या, आशाताईचा पाठलाग, रुग्णालयातलं बाळंतपण, २०१४ पासून १०८ ची गाडी, आणि डोंगरातल्या वाडीपर्यंत गेलेला रस्ता, या सगळ्यांनी मिळून ते केलं. आहुपे खोऱ्यातून किंवा भीमाशंकरच्या अंगानं पावसाळ्यात बाळंतिणीला डोलीत घालून खाली आणावं लागे, हे सांगणारी माणसं अजून आहेत. तिथून मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत गाडी जाऊ शकते, या एका गोष्टीत बाईच्या आयुष्याची काही वर्षं आहेत.

बिहारमध्ये मात्र २०१४-१८ च्या तक्त्यातही पुरुषच बाईपेक्षा किंचित जास्त जगतात. केरळात बाई पाच वर्षांहून जास्त पुढं आहे. देश एक, निसर्ग एक, अंतर एवढं. म्हणून बाईची जास्तीची वर्षं ही तिला कुणी दिलेली भेट मानू नये. तिचीच होती, आपण ती आतापर्यंत खात होतो.

आणि तक्त्याचा एक डाव ओळखून ठेवावा. त्यात मोजली जाते ती जन्मलेली मुलगी. न जन्मलेल्या मुलीसाठी तिथं रकाना नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला. तरी सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. पुणे जिल्ह्यासारख्या पैसा आणि सोनोग्राफी दोन्ही जवळ असलेल्या भागानं या घसरणीत कुणाच्या मागं राहायचं ठेवलं नाही. ‘बायका हल्ली जास्त जगतात’ म्हणताना हा हिशेब सोयीनं विसरला जातो.

आता पुरुषांकडं येऊ. तिथं सांगण्यासारखं जास्त आहे.

पुणे-नाशिक महामार्ग खेडचा घाट ओलांडून आंबेगावात शिरतो. मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा. दोन्ही तालुक्यांचा पूर्व भाग या रस्त्यावर जगतो. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात पिकअपच्या रांगा लागतात, मंचरला कांदा, सातगाव पठारावरून बटाटा. चाकणच्या कारखान्यांत पाळीला जाणारी पोरं मोटारसायकलवर रात्री-अपरात्री याच रस्त्यानं येतात-जातात. बगलरस्ते झाले, वेग वाढला. हेल्मेट हँडलला अडकवलेलं असतं, डोक्यावर क्वचितच. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यांतले शेकडा ८६ च्या आसपास पुरुष होते. पंचविशीतला एक पोरगा गेला की तक्त्यातून चाळीस-पन्नास वर्षं एकदम वजा होतात. ऐंशीचे आजोबा गेल्यानं सरासरीला फारसा धक्का लागत नाही. पुरुषांचं आयुर्मान कमी दिसण्यात या तरण्या मरणांचा वाटा म्हणूनच मोठा आहे.

शिवारातलंही बघा. शेतीपंपाची वीज एका आठवड्यात दिवसा, एका आठवड्यात रात्री. रात्रीची पाळी असली की उसाला दारं धरायला कारभारीच जातो, पायात कधी बूट, कधी चप्पल, हातात बॅटरी. उसात बिबट्या आहे हे त्याला माहीत आहे. जुन्नर वनविभाग आणि माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र यांची नावं आता राज्यभर झाली आहेत. बिबट्याचा हल्ला झाला की मुंबईच्या वाहिन्यांच्या गाड्या येतात, रस्ता रोको होतो, आणि ते व्हायलाही हवं, कारण त्यात बहुतेकदा लेकरू किंवा वाकून खुरपणारी बाई सापडते. पण त्याच अंधारात सापही आहे, आणि सापाची बातमी तालुक्याबाहेर जात नाही. देशातल्या सर्पदंशाच्या मृत्यूंचा मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वर्षाला सुमारे ४६,००० मृत्यूंचा अंदाज होता आणि पुरुषांचा वाटा बायकांपेक्षा जास्त. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या उपचारात आयुष्य घातलं. मांत्रिकाकडं न नेता थेट दवाखान्यात आणा, हे ते गावोगाव सांगत आले. या भागात सर्पदंशाचा रुग्ण वाचतो तो अशा हट्टामुळं. शेतकऱ्यांना दिवसा वीज द्या ही मागणी आपण नेहमी पिकाच्या आणि बिबट्याच्या नावानं करतो. पुरुषांच्या आयुर्मानाच्या नावानंही ती करायला हरकत नाही.

पण बिबट्या, साप आणि रस्ता मिळूनही जेवढे पुरुष नेत नाहीत तेवढे चौकातल्या टपरीवरून जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात ३३.८ टक्के पुरुष तंबाखूचं सेवन करणारे निघाले, बायका १०.९ टक्के. दारू पिणारे पुरुष १३.९ टक्के, बायका ०.४ टक्के. बायकांच्या तंबाखूत मिश्री आली. सकाळी तव्यावर भाजलेली मिश्री बोटानं दातांवर फिरवल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही अशा आज्या दोन्ही तालुक्यांत घरोघर आहेत. मिश्रीला कुणी व्यसन म्हणत नाही, म्हणून ती सर्वेक्षणात सांगितलीही जात नसावी, असा माझा संशय आहे. दारूच्या बाबतीत मात्र आकड्यांपेक्षा पगाराचा आणि पट्टीचा दिवस जास्त सांगून जातो. टोमॅटोची पट्टी हातात पडल्यावर ती घरी कोणत्या रस्त्यानं जाते, हे बायकांना तोंडपाठ असतं.

या दारूविरुद्ध राज्यातल्या बायकांच्या हातात एक कागदी हत्यार आहे. २००८ च्या शासननिर्णयानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यावं लागतं, आणि एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी ‘आडव्या बाटली’ला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, मत दिलं तर दुकान बंद होतं. नवऱ्याचं आयुष्य वाढवण्यासाठी बायकांनी मतदान करायचं, हा आपल्या लोकशाहीतला विलक्षण प्रकार आहे. परवान्याची दुकानं यात बंद होतात, हातभट्टी आणि ढाबा होत नाही, हे सांगायला नको.

मग पुरुष मरतोच लवकर, त्याचं नशीबच तसं, असं म्हणायचं का? लोकसंख्याशास्त्रज्ञ मार्क लुय यांनी बव्हेरियातल्या ख्रिस्ती मठांच्या नोंदी तपासल्या. मठातले साधू आणि साध्वी दोघांची दिनचर्या सारखी. उठणं, जेवणं, काम, प्रार्थना, झोप ठरलेली. मठाबाहेर बायका पुरुषांपेक्षा पाच-सहा वर्षं जास्त जगत होत्या, मठात हा फरक सुमारे एका वर्षावर आला. साध्वी बाहेरच्या बायकांएवढ्याच जगत होत्या. वाढलं होतं ते साधूंचं आयुष्य. म्हणजे निसर्गाचं अंतर वर्षभराचं, बाकीचं पुरुष स्वतः कमावतो. लेण्याद्रीच्या भिक्खूंनी असं रजिस्टर ठेवलं असतं तर दोन हजार वर्षं आधीच आपल्याला हे कळलं असतं. रशियात वोडकाच्या कृपेनं हेच अंतर दहा वर्षांच्या आसपास आहे.

पुरुष आणि दवाखाना यांच्यात एक सामाजिक अडचणही आहे. बाई पहिल्या बाळंतपणापासून प्राथमिक आरोग्य केंद्राची पायरी ओळखते. लसीकरण, पोराचा ताप, स्वतःचं ऑपरेशन, सासूचा मोतीबिंदू. नर्सबाई तिला नावानं ओळखतात. पुरुषाला त्या इमारतीत जायला निमित्तच नसतं. सर्पदंश, अपघात किंवा छातीत कळ, यांशिवाय तो जात नाही. रक्तदाब मोजायची पट्टी पन्नाशीपर्यंत त्याच्या दंडाला लागलेली नसते. मग एक दिवस पहाटे ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा घेतो आणि दुपारी पोस्टमार्टमचा कागद होतो. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक इथं, इथून फार लांब नाही, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं २००२ पासून आसपासच्या गावांतल्या प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद ठेवली आहे. डॉ. बानू कोयाजींनी तिथं ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, त्यातूनच हे पुढं आलं. माणूस गेल्यावर घरच्यांना विचारून मरणाचं कारण ठरवायची पद्धत तिथं वापरतात. आधी काय दुखत होतं, किती दिवस, कुठं दाखवलं. आपण दहाव्याला ‘काय झालं होतं हो?’ म्हणून विचारतो तोच प्रश्न, फक्त नीट विचारलेला.

दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्याची गोष्ट निराळी आहे. तिथं महादेव कोळी आणि ठाकर समाज, पावसावरचा भात, हिरडा. बाळहिरड्याच्या हंगामात झाडावर चढायचं काम बहुधा पुरुष आणि पोरं करतात, खाली वेचायचं बायका. भात काढून झाला की कुटुंबंच्या कुटुंबं पूर्वेकडं मजुरीला उतरतात, नारायणगाव-मंचरच्या बागायतीत. डिंभे धरणानं आंबेगाव नावाचं मूळ गावच पाण्याखाली घेतलं. तालुक्याला त्याचं नाव तेवढं उरलं. आणि ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर आला, १५१ माणसं गेली. त्या सकाळी बाई-पुरुष असा हिशेब नव्हता. पण एरवी या डोंगरात दोघांचंही आयुष्य पूर्वेपेक्षा जास्त जोखमीचं आहे, आणि तालुक्याची सरासरी कधी निघाली तर बागायतीचे आकडे डोंगराला झाकून टाकतील.

आता ती शिवनेरीवाली बेरीज. समजा बाई नवऱ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान आहे, जशी आपल्याकडं बहुतेक घरांत असते. त्यात आयुर्मानातली तीन वर्षं मिळवा. सात-आठ वर्षं झाली. सरासरी बाईच्या आयुष्याची शेवटची सात-आठ वर्षं एकटीची. २०११ च्या जनगणनेत देशात सव्वाचार कोटींहून जास्त विधवा होत्या आणि विधुर सव्वा कोटीच्या आसपास. हा साडेतीनपट फरक केवळ जास्त जगण्यानं पडत नाही. विधुर पुन्हा लग्न करतो आणि त्या रकान्यातून बाहेर पडतो, विधवा तिथंच राहते. कोविडनं ही रांग आणखी लांबवली. त्या साथीत मरणाऱ्यांत पुरुष जास्त होते, आणि शेजारच्या अकोले तालुक्यातल्या हेरंब कुलकर्णींनी कोरोनानं एकट्या पडलेल्या बायकांसाठी चळवळ उभी केली तेव्हा त्यांतल्या किती जणी तिशी-चाळिशीतल्या आहेत हे लोकांना दिसलं.

ही उरलेली वर्षं सुखाची असतात का? बायका मरतात कमी आणि आजारी असतात जास्त, हे जगभर दिसतं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या ५४.२ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं, पुरुषांत २१.९ टक्के. पन्नास वर्षं चुलीपुढं काढलेल्या बाईची फुप्फुसं, विडी न ओढताही, विडीवाल्यासारखी होतात. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या श्वसनरोगाच्या अभ्यासांनी हे पुन्हा पुन्हा दाखवलंय. गुडघे आवणीत आणि खुरपणीत गेलेले. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. चतुर्थीला त्या पायऱ्यांवर बसून बसून वर जाणाऱ्या बायका बघाव्यात. ती वर पोचते, ही तिची चिवटाई. पण तिचे गुडघे कुणी तपासले नाहीत, हे आपलं कर्तृत्व.

आणि सणवार. दिवाळी अंकात हे लिहितोय म्हणून सांगायलाच हवं, की पाडव्याची ओवाळणी, संक्रांतीचं हळदीकुंकू, लेकाच्या लग्नातला मान, यांतून विधवेला बाजूला ठेवणं अजून चालू आहे. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ठराव पुष्कळ गावांनी केले. ठराव करणं सोपं असतं, मयताच्या घरी जमलेल्या वडीलधाऱ्या बायकांना थांबवणं अवघड. त्यांच्याही बांगड्या अशाच फोडलेल्या असतात.

पैशाचं बघू. संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ सेवा योजनेखाली २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळू लागले. ‘लाडकी बहीण’चेही तेवढेच, पण २१ ते ६५ वयापर्यंत. पासष्टीनंतर, म्हणजे सरासरी बाई नेमकी एकटी पडायच्या सुमाराला, बहीण लाडकी राहत नाही. तिथून तिनं श्रावणबाळाच्या कागदांना लागायचं. एसटीत मात्र अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट. जुन्नर किंवा मंचरच्या स्थानकात सकाळी बघितलं तर दवाखान्याला, देवाला, लेकीकडं निघालेल्या एकट्या आज्याच गाडी भरतात. ही सवलत देणाऱ्यांनी मतांचा विचार केला असेल, पण म्हातारपणी घराबाहेर पडायला मिळणं हे औषधाइतकं कामाचं आहे.

खरी गोम सातबाऱ्यात आहे. नवरा गेला की वारसनोंद होते. फेरफार उतरतो, मुलांची नावं कब्जेदार म्हणून वर येतात आणि आईचं नाव कित्येकदा ‘इतर हक्क’ नावाच्या कोपऱ्यात पडतं. बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतलं जातं, ‘भाऊबीज तुटायला नको’ या बोलीवर. कायदा बाईच्या बाजूनं आहे. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये. विधवा तर पहिल्या वर्गाची वारस. पण जिचं नाव कब्जेदार सदरी नाही तिला सोसायटीचं कर्ज मिळत नाही, आणि वाटण्या झाल्यावर ती ‘एक महिना याच्याकडं, एक महिना त्याच्याकडं’ अशी फिरत राहते. इथून जवळ, खेड तालुक्यात आंबेठाणला राहिलेले शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी हे फार आधी ओळखलं होतं. संघटनेच्या लक्ष्मी मुक्ती मोहिमेत, नव्वदच्या आसपास, हजारो शेतकऱ्यांनी आपली जमीन स्वखुशीनं बायकोच्या नावावर केली. जमिनीपायी भावाभावांत फौजदाऱ्या होतात अशा राज्यात हे घडलं. पुढं सरकारनंही लक्ष्मी मुक्ती नावानं सोय केली: नवऱ्यानं अर्ज दिला तर बायकोचं नाव त्याच्याबरोबर सातबाऱ्यावर लागतं. पुण्या-मुंबईत बसून बायकांच्या वाढत्या आयुर्मानाचं कौतुक करणाऱ्यांपेक्षा त्या शेतकऱ्यांनी जास्त काम केलं, असं माझं मत आहे.

या दिवाळीला गावी जाणार असाल तर दोन कामं करून या. वडिलांना आणि भावाला धरून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि रक्तदाब, साखर तपासून घ्या. तिशीच्या वरच्या सगळ्यांसाठी ही तपासणी तिथं फुकट होते. दुसरं, सातबारा मोबाईलवर उघडा आणि आईचं नाव आहे का, असलं तर कुठं आहे ते बघा. नसेल तर तलाठ्याकडं अर्ज वडिलांच्या सहीनं जातो, म्हणजे ते हयात असतानाच करायचं हे काम आहे.